जेनची फुली

सासूबाईंच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. माहेरचं जे काही त्यांच्याकडे उरलंय ते सगळं त्यात: चार पिवळे पडलेले फोटो, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, एका आत्याचं पत्र. डब्याखाली फडक्यात गुंडाळलेलं घराण्याचं बायबल. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या ओळी आहेत. सगळ्यात वरची ओळ १८३९ सालची, विल्यमच्या लग्नाची. तिच्यावर दोन बोटं जागा कोरी.

लग्न होऊन मी पुण्याहून इंग्लंडला आले त्याला एकोणीस वर्षं झाली. सासूबाई डॉर्सेटच्या, पिडल नदीच्या खोऱ्यातल्या. खडूच्या टेकड्या, मेंढरं, शाकारलेली घरं, असा तो मुलूख. माहेरची माणसं कोण होती असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "कोणी नाही गं, सगळे शेतमजूर." आणि विषय संपायचा.

मला ते उत्तर कधी पुरलं नाही. मी दहा वर्षांची असताना वडिलांनी मला नाशिकला नेलं होतं. गोदेकाठी आमच्या उपाध्यायांनी नाव, गाव, कूळ विचारलं, आत जाऊन लाल कापडात बांधलेली वही आणली आणि माझ्या खापरपणजोबांच्या हातची ओळ माझ्यापुढे उघडली. तेव्हा अंगावर आलेला काटा अजून आठवतो. सासूबाईंनाही तशी एक ओळ दाखवावी, एवढंच मनात होतं. ते कसं कसं घडत गेलं ते लिहिते. त्यांच्या इच्छेप्रमाणे आडनाव लिहीत नाही, आणि दोन गावांचा संबंध येतो त्यांना थोरलं गाव आणि धाकटं गाव म्हणते. दोन्हींत सात मैलांचं अंतर.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव-शिवार. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने गावातला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहून ठेवावं. पुढे १६०३ साली नियम झाला की ही वही तीन कुलपांच्या पेटीत राहील. एक किल्ली पाद्र्याकडे आणि दोन चर्चच्या दोन वॉर्डनांकडे. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली ती थेट १ जुलै १८३७ ला. त्याआधीची तीनशे वर्षं साधा माणूस सापडायचा तर याच वह्यांत.

सुरुवात मात्र शेवटाकडूनच करावी लागते. हातातलं माणूस घट्ट धरायचं आणि एक पायरी मागे जायचं. सासूबाईंचे वडील १९०५ चे, आजोबा १८७२ चे, पणजोबा १८४१ चे. इथवर सरकारी नोंदणीची सूची आणि दर दहा वर्षांची जनगणना यांच्या आधारावर महिन्याभरात पोचले. सूचीत जन्माच्या नोंदीशेजारी आईचं माहेरचं आडनाव मिळतं, त्यामुळे चूक व्हायची भीती कमी. सगळ्यांच्या नावापुढे एकच धंदा: शेतमजूर. १८४१ च्या जनगणनेत तर तेवढंही पूर्ण लिहिलेलं नाही. हा शब्द इतक्या वेळा लिहावा लागायचा की गणकांना 'ॲग लॅब' असं छोटं रूप वापरायची मुभा होती.

पणजोबांचे वडील म्हणजे बायबलमधला विल्यम. १८४१ च्या जनगणनेत त्याचं वय २५. या जनगणनेत पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत, म्हणजे तो पंचवीस ते एकोणतीस यांपैकी काहीही. १८५१ मध्ये वय ३७, जन्मगाव थोरलं गाव. हिशेबाने जन्म १८१३ च्या आसपास. मी थोरल्या गावाच्या बाप्तिस्म्यांची वही उघडली आणि दुसऱ्याच पानावर विल्यम मिळाला: १८१२, थॉमस आणि मेरी यांचा मुलगा, आडनाव तेच. पुढचे दोन महिने मी कशी जगले ते माझ्या नवऱ्याला विचारा. थॉमसचा बाप, त्याचा बाप, त्याचा आजा, असं करत १६०० च्या घरात पोचले. कोणीतरी आधीच लावलेली वंशावळ इंटरनेटवर होती, तीही जुळत होती. सासूबाईंसाठी मी मोठ्या कागदावर झाड काढायला घेतलं.

मग एका संध्याकाळी, केवळ शिल्लक काम संपवावं म्हणून, दफनांची वही वाचायला बसले. १८१५ च्या पानावर विल्यम. त्याच घरचा. वय ३ वर्षं.

मी कागदाची गुंडाळी केली आणि कपाटावर टाकली. तीन वर्षांचं मूल गेलं होतं आणि मी त्याला मोठं करून, लग्न लावून, सात मुलांचा बाप केलं होतं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिल्यांदा हेच सांगते: बाप्तिस्मा मिळाला की आनंद करायच्या आधी दफनांची वही वाचा. ते मूल जगलं का, एवढं बघा. दुसऱ्याने लावलेली वंशावळ कितीही नीटनेटकी दिसली तरी तो पुरावा नाही.

दोन आठवडे काही सुचलं नाही. मग विल्यमच्या लग्नाचा दाखला पुन्हा काढला. १८३७ नंतरच्या लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरीच्या वडिलांचं नाव आणि धंदा यासाठी रकाने असतात. नवरीच्या वडिलांचं नाव होतं. विल्यमच्या वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ. आधी मला वाटलं होतं की क्युरेटने, म्हणजे मदतनीस पाद्र्याने, लिहायचा कंटाळा केला. आता त्या रेघेकडे बघून पोटात काहीतरी हललं.

१८६१ ची जनगणना मला तोवर सापडली नव्हती, कारण आडनावाचं पहिलं अक्षर सूची करणाऱ्याने चुकीचं वाचलं होतं. मी आडनाव सोडून दिलं आणि मुलांच्या नावांवरून आणि वयांवरून शोधलं. घर सापडलं. विल्यम, वय ४८, जन्मगाव धाकटं गाव. आणि यादीच्या शेवटी एक म्हातारी: जेन, विधवा, वय ७०, जन्मगाव धाकटं गाव, आडनाव अगदीच वेगळं, आणि नात्याच्या रकान्यात एक शब्द. आई.

धाकट्या गावाच्या वहीत तिचा मुलगा एका बैठकीत मिळाला. १८१३ पासून बाप्तिस्म्यांसाठी छापील वह्या आल्या, एका पानावर आठ नोंदी, प्रत्येकीला रकाने: तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, संस्कार कोणी केला. ६ फेब्रुवारी १८१४, रविवार. विल्यम. आईबापांच्या रकान्यात एकटी जेन, आणि आडनाव तेच, जे माझ्या सासूबाईंनी लग्नापर्यंत लावलं. धंद्याच्या रकान्यात 'अविवाहित स्त्री'. नावाच्या बाजूला बारीक अक्षरात 'बेस बॉर्न', म्हणजे अनौरस. म्हणजे घराण्यात आलेलं हे आडनाव कुठल्याच बापाचं नव्हतं. ते जेनचं होतं.

तो हिवाळा इंग्लंडच्या इतिहासात नोंदलेला आहे. त्याच आठवड्यात लंडनमध्ये टेम्स गोठली होती आणि बर्फावर जत्रा भरली होती, तिथली ती शेवटची. तशा थंडीत जेन तान्ह्या बाळाला घेऊन दगडी चर्चमध्ये गेली असणार. बाप्तिस्मा रविवारी, गावासमोर. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले.

वहीत इतकंच. पण पॅरिशच्या पेटीत वह्यांच्या जोडीला आणखी कागद असत, आणि खरी माणसं त्यांत आहेत. गरिबांना पोसायचा खर्च प्रत्येक पॅरिश आपल्याच गावकऱ्यांवर कर बसवून भागवत असे. तो हिशेब सांभाळायला ओव्हरसीअर नेमलेले. त्यामुळे गरीब माणूस नक्की कुठल्या पॅरिशचा, हा फार मोठा प्रश्न होता. १६६२ च्या कायद्याने 'सेटलमेंट' ठरे: ज्या पॅरिशमध्ये तुमची सेटलमेंट, तिनेच तुम्हाला पोसायचं, दुसरीने तुम्हाला उचलून तिथे पोचवायचं. सेटलमेंट बापाकडून मिळे, किंवा अविवाहित माणसाने एका ठिकाणी पुरं वर्षभर सालदारी केली की तिथली मिळे. शंका आली की दोन मॅजिस्ट्रेट त्या माणसाला समोर बसवून जबानी घेत. कुठे जन्मलास, कोणाकडे राबलास, किती पगारावर, किती दिवस. लिहिता न येणाऱ्या माणसाचं आयुष्य त्याच्या तोंडून ऐकायची सोय फक्त या कागदात आहे.

त्यासाठी मी डॉर्चेस्टरला डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये गेले. शंभर वर्षांहून जुन्या पॅरिश वह्या आता चर्चमध्ये न ठेवता अशा जिल्हा दप्तरांत ठेवतात. बॅग लॉकरमध्ये, पेन बाहेर, आत फक्त शिसपेन्सिल. रजिस्टरं पडद्यावरच बघायची, पण ओव्हरसीअरांचे सुटे कागद समोर येतात. फोमच्या उशीवर कागद ठेवायचा आणि पान दबून राहावं म्हणून त्यावर शिशाच्या मण्यांची कापडात शिवलेली माळ.

थोरल्या गावाच्या खोक्यात तिसऱ्या पुडक्यात जेनची जबानी होती. तीन घड्या घातलेला जाड कागद, घडीवर मळका, आतून दुधासारखा स्वच्छ. डिसेंबर १८१३. वय २२. बाप धाकट्या गावचा मजूर. १८१२ च्या लेडी डेला, म्हणजे २५ मार्चला, थोरल्या गावातल्या एका शेतावर दूधकामाला राहिले, वर्षाला तीन पौंड आणि जेवण. वर्ष भरायला पाच दिवस उरले असताना मालकाने पगार देऊन घरी पाठवलं आणि आठवड्याने पुन्हा कामावर घेतलं. ही गोष्ट जबानीत एका वाक्यात येते, पण सगळं त्या पाच दिवसांत आहे. वर्ष पुरं झालं असतं तर जेन थोरल्या गावची झाली असती. सेटलमेंट लागू नये म्हणून मालक सर्रास असं करत, कारण गरिबांसाठीचा कर त्यांनाच भरावा लागे.

आणि मग शेवटचं वाक्य: आपण गरोदर आहोत, त्याच शेतावरच्या एका गाडीवानापासून. खाली मॅजिस्ट्रेटांच्या दोन लफ्फेदार सह्या. त्यांच्या डावीकडे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं 'जेनची खूण', आणि मध्ये फुली.

ती फुली मी भिंगातून पाहिली. पहिली रेघ सरळ आली आहे. दुसरी मध्यावर थांबली आहे, तिथे शाईचा ठिपका पसरला आहे, आणि मग पुढे गेली आहे. टाक हातात धरायची सवय नसलेल्या बाईची रेघ. समोर दोन जमीनदार मॅजिस्ट्रेट, बाजूला ओव्हरसीअर, पोटात आठवा महिना. माझ्या आजीने जमिनीच्या कागदावर केलेला अंगठा मला आठवला आणि मला तिथे वाचनकक्षात रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईंनी काही न बोलता कागदी रुमालाचं पाकीट माझ्याकडे सरकवलं.

मी त्या दिवशी बाहेर जाऊन चहा घेऊन परत आले आणि धाकट्या गावाचं खोकं मागवलं. त्यात दुसरा अर्धा होता. १७९५ च्या कायद्याने असं ठरलं होतं की माणूस प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत त्याला गावाबाहेर काढायचं नाही. पण त्याच कायद्याने गरोदर अविवाहित बाईला ही सवलत नाकारली. तिने एक पैसा मागितला नसला तरी ती पॅरिशवर बोजा आहे असंच धरायचं. कारण अनौरस मूल जिथे जन्मेल तिथलं होई आणि पुढची वर्षानुवर्षं त्याला तिथेच पोसावं लागे. १४ डिसेंबर १८१३ च्या हुकमाने जेनला धाकट्या गावी पोचवण्यात आलं. ओव्हरसीअरच्या हिशेबाच्या वहीत पुढच्या नोंदी सापडतात: बाळंतपणासाठी सुईणीला, सरपणाला, एका जोडी बुटांना. मग मॅजिस्ट्रेटांच्या हुकमाने गाडीवानाकडून आठवड्याला दीड शिलिंग. हे पैसे १८१६ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत जमा झालेले दिसतात. त्यानंतर त्याचं नाव त्या वहीत नाही.

१८१८ साली जेनचं लग्न झालं, त्याच चर्चमध्ये, तीन रविवार बॅन्स, म्हणजे होणाऱ्या लग्नाची जाहीर घोषणा, पुकारून. १७५४ पासून लग्नाच्या वहीत नवरा-नवरी आणि दोन साक्षीदार यांनी सही करायची असे. दोघांच्याही फुल्या. तिची फुली मी लगेच ओळखली: दुसरी रेघ मध्यावर अडखळलेली.

त्यामागचं थोडक्यात सांगते. जेनचा बाप्तिस्मा १७९१ चा, आणि नावापुढे एकच अक्षर, 'पी'. १७८३ ते १७९४ या काळात सरकारने वहीतल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर लावला होता. कंगालांना, म्हणजे पॉपरना, तो माफ. त्यांच्या नावापुढे हे अक्षर. जन्मल्याबरोबर कागदावर हा शिक्का आणि बावीस वर्षांनी ती जबानी, एवढ्या दोन टोकांमध्ये मला जेन सापडली. सधन कुळं मृत्युपत्रांत, जमिनीच्या खतांत, चर्चच्या भिंतीवरच्या संगमरवरात असतात. जेनसारखी माणसं खर्चाच्या रकान्यात असतात. तिला गावाबाहेर काढायचा खटाटोप केला म्हणून तर ती आज मला दिसते, हे मला अजून नीट सोसत नाही.

आणखी मागे गेलं की अक्षर अवघड होतं. सतराव्या शतकातली सेक्रेटरी लिपी मोडीची आठवण करून देते. वडिलांबरोबर मी थोडी मोडी शिकले होते, त्याचा इथे फार उपयोग झाला. अक्षर न ओळखता आधी त्या लेखकाच्या हाताचं वळण ओळखायचं, मग त्याच्याच ओळखीच्या शब्दांवरून बाकीची अक्षरं सोडवायची. गावाकडे सध्या लोक कोतवाल बुकातली मोडी नोंद वाचून घ्यायला धावपळ करतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. संक्षेपही तसेच. आपल्याकडे 'रा. रा.', 'बिन', इथे जॉनचं 'जेएनओ', विल्यमचं 'डब्ल्यूएम'.

तारखांनी एकदा फसवलं. जेनच्या पणजोबांच्या पिढीत एका मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३१ आणि आईबापांचं लग्न ऑक्टोबर १७३१ असं दिसत होतं. मी पुन्हा अनौरस असं टिपण करून ठेवलं. ते चूक होतं. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १७३१ चा फेब्रुवारी हा १७३१ च्या ऑक्टोबरनंतर येतो. आपल्या हिशेबाने तो १७३२. लग्नानंतर चार महिन्यांनी मूल. गावच्या वहीत असं पानोपानी आहे आणि पाद्र्याने कुठेही त्यावर शेरा मारलेला नाही.

सगळ्यात मागे मी पोचले ती १६७९ च्या एका दफनापर्यंत. शेजारी लिहिलंय की शपथपत्र मिळालं. लोकरीच्या धंद्याला आधार म्हणून तेव्हा प्रेताला शुद्ध लोकरीच्याच कफनात पुरायची सक्ती होती आणि तसं पुरल्याचं शपथेवर सांगावं लागे. धाकट्या गावाची सर्वांत जुनी वही १६५३ ची आहे. त्याच्या आधी काही नाही.

मग सासूबाईंना सांगायचा दिवस आला. मला धाकधूक होती. त्यांच्या पिढीत, त्यांच्या गावात, अशा मुलाबद्दल कोणी मोठ्याने बोलत नसे. 'सगळे शेतमजूर' या उत्तरामागे काय दडलंय ते त्यांनाही कोणी सांगितलं नसावं, फक्त विषय बंद करायची सवय तेवढी हाती आलेली. मी जबानीची प्रत त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळी वाचून दाखवली. त्या मध्ये एकदाच बोलल्या. "पाच दिवस?" मी म्हटलं, हो, पाच दिवस.

मे महिन्यात आम्ही तिघं धाकट्या गावी गेलो. चकमकीच्या दगडाच्या भिंती, आत थंडावा. जेनचा थडग्याचा दगड नाही; तिला १८६६ साली थोरल्या गावात पुरलं, आणि मजुराच्या आईसाठी दगड कोण बसवणार. पण बाप्तिस्म्याचं दगडी पात्र तेच आहे, चर्चच्या माहितीप्रमाणे विल्यमच्या कितीतरी आधीपासूनचं. सासूबाईंनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात त्या कडेवर ठेवले. नवरा दाराशीच उभा राहिला.

घरी आल्यावर त्यांनी बायबल मागितलं. पहिलं पान उघडलं, चष्मा लावला, आणि विल्यमच्या वरच्या कोऱ्या जागेत जेनचं नाव लिहिलं. हात कापतो आता त्यांचा, फार वेळ लागला. शेजारी अजून एका नावाची जागा उरली होती. त्यांनी पेन तसंच धरून मला विचारलं, "तो गाडीवान. किती दिवस पैसे दिले म्हणालीस?"

मी म्हटलं, अडीच वर्षं.

त्यांनी थोडा विचार केला, पेनला टोपण लावलं आणि शाई वाळावी म्हणून पान तसंच उघडं ठेवलं.